भाऊजींनी कॉम्प्युटर आवरला

आमचे भाऊजी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत रेकॉर्ड सांभाळत होते. सांभाळत होते म्हणजे कुणाच्या हाती लागू देत नव्हते. एकदा एका माणसानं आपल्या नळजोडणीचा कागद मागितला, तो त्याला सात वर्षांनी मिळाला. तोवर तो घर विकून दुसऱ्या गावी गेला होता. ही गोष्ट भाऊजी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचे आणि शेवटी विचारायचे, "पण मिळाला की नाही?"

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, घराच्या मागच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवते. चार मशिनी, कापड बेतायला एक लांबलचक टेबल, आणि भिंतीला खिळ्यांवर लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेल्या कात्र्या. मी आठवड्यातून तीन दिवस तिच्याकडे काज-बटणं करायला जाते. त्यामुळे यातलं बहुतेक मी डोळ्यांनी पाहिलंय. जे पाहिलं नाही ते ताईनं सांगितलंय, आणि वाढवून सांगायची सवय तिला नाही. ती मला आहे.

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, खिडकीखाली. भाचीला कॉलेजसाठी घेतला होता. भाची शिकून नोकरीला दुसऱ्या शहरात गेली, कॉम्प्युटर मागे राहिला आणि त्याचं माळ्यासारखं झालं. ज्याला जे ठेवायला जागा नाही ते त्यानं तिथं नेऊन टाकायचं. पडद्यावर भाचीचा लहानपणीचा फोटो लावलेला होता, पण त्यावर इतकी चित्रंचिन्हं साठली होती की पोरीचा एक कान आणि अर्धी रिबीन तेवढी दिसायची. 'नवीन फोल्डर' नावाचे सत्तेचाळीस फोल्डर होते. एकतिसावा उघडला तर आत आणखी एक 'नवीन फोल्डर' होता, आणि त्यात काहीच नव्हतं.

या उकिरड्यात एक कोपरा मात्र स्वच्छ होता, तो ताईचा. गिऱ्हाइकाचं माप घेतलं, कागदावर कटिंग काढलं, की ताई त्याचा फोटो काढायची आणि कॉम्प्युटरवर त्या बाईच्या नावानं ठेवायची. नाव म्हणजे तिच्या लेखी जे नाव होतं ते. 'बुटकी डॉक्टरीण'. 'पोस्टातली'. 'गळा बंदच हवा'. 'हात लांब, जीभ त्याहून'. अकरा वर्षांची मापं होती. कुणाची पाठ किती वाकली, कुणाच्या कमरेला दोन बाळंतपणांनंतर किती वाढवून दिलं, सगळं तिथं. ताईला हवं ते अर्ध्या मिनिटात सापडायचं.

भाऊजी निवृत्त झाले आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मीठ मागे गेलं, मोहरी कुणाला सापडेना. ताई तीन दिवस गप्प राहिली, चौथ्या दिवशी तिनं डबे परत लावले आणि म्हणाली, "या खोलीत तुम्ही जेवायला या." भाऊजींचं तोंड उतरलं. ते बघून ताईलाच वाईट वाटलं. चौतीस वर्षं साडेदहाला घराबाहेर पडणारा माणूस, आता साडेदहा वाजले की दाराकडे बघायचा आणि परत पेपर उघडायचा.

त्याच सुमारास कॉम्प्युटर रडकुंडीला आला. सुरू करायचा, आणि तो सुरू होईस्तोवर एका फ्रॉकचा घेर दुमडून व्हायचा. ताईनं दुरुस्तीवालीला बोलावलं. नाक्यावर तिचं दुकान आहे, चष्मा कायम डोक्यावर, बोलणं मोजकं. तिनं पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं की बिघाड काही नाही, जागा भरलीय. नको ते काढायचं, हवं त्याची एक प्रत बाहेर घ्यायची. दोन तासांचं काम आहे, म्हणाली, आत्ता करून देते.

भाऊजी हसले. नळजोडणीचा कागद मागायला आलेल्या माणसाकडे बघून ते असेच हसत असणार.

"बाई, असं नसतं काढायचं," ते म्हणाले. "आधी वर्गीकरण. मग नोंद. मग छाननी. नाशन सगळ्यात शेवटी."

दुरुस्तीवालीनं ताईकडे बघितलं. ताईनं हातातल्या कापडाकडे बघितलं. मला नंतर ती म्हणाली, डब्यांपेक्षा कॉम्प्युटर बरा, निदान जेवण तरी वेळेवर होईल. आणि नव्याचे नऊ दिवस, कंटाळतील. दुरुस्तीवाली आपला नंबर ठेवून गेली.

सोमवारी साडेदहाला भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीखाली बसले. आठवडाभर त्यांनी एकही फाइल उघडली नाही. आधी नियमावली लिहिली, हातानं, अकरा पानं. अ वर्ग म्हणजे कायम जपायचं. ब वर्ग तीस वर्षं. क वर्ग दहा वर्षं. ड वर्ग एक वर्ष, मग नष्ट. मग जाड पुठ्ठ्याची, तांबड्या कोपऱ्यांची नोंदवही आणली, तिच्यात रकाने आखले. कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळणार होता आणि तो क्रमांक वहीत चढणार होता. वहीत बघितल्याशिवाय कॉम्प्युटरवर काही सापडता कामा नये, अशी ती पद्धत होती. ती पद्धत आहे असं भाऊजींना वाटत होतं. आम्हाला तो कट वाटत होता.

क्रमांक द्यायच्या पहिल्याच दिवशी अडचण आली. क्रमांक ठरला होता 'गृ/सं/१/०००१', आणि कॉम्प्युटर तो घेईना. नावात तिरकी रेघ चालत नाही, असं तो सांगायला लागला. भाऊजींनी तीनदा प्रयत्न केला. चौतीस वर्षांत एकाही कागदानं त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. शेवटी त्यांनी आडव्या रेघेवर तडजोड केली आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की हा बदल निषेधासह स्वीकारण्यात येत आहे. खाली सही, तारीख.

मग कामानं वेग घेतला. 'बुटकी डॉक्टरीण' झाली 'गृ-सं-४-०१९३'. 'हात लांब, जीभ त्याहून' हे नाव वाचून भाऊजी अस्वस्थ झाले. अशी भाषा रेकॉर्डला शोभत नाही, म्हणाले. रेकॉर्डला काय शोभतं ते आम्हाला लवकरच कळलं. ताईला स्वतःचं कटिंग हवं असेल तर तिनं मागणीचिठ्ठी लिहायची. चिठ्ठीवर तारीख, विषय आणि कारण. वेळ साडेदहा ते साडेपाच, मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी.

एकदा क्लासात फुग्याची बाही शिकवायची होती. क्लास एकला सुटायचा, त्या दिवशी लांबला होता. आठजणी हातात खडू घेऊन टेबलाभोवती उभ्या. नमुन्याचं कटिंग कॉम्प्युटरवर. भाऊजी कॉम्प्युटरशेजारीच जेवायला बसलेले, ताईनंच वाढलेलं.

"फुग्याच्या बाहीचं कटिंग कुठं ठेवलंत?" ताईनं विचारलं.

"चिठ्ठी ठेव. दोनला बघतो."

ताईच्या हातात वाढायचा डाव होता. तो तिनं हळूच भांड्यात ठेवला, मागच्या खोलीत आली आणि फळ्यावर आठवणीनं बाही काढली. अर्धा इंच चुकली. नंतर आठही बायांनी चुकलेलीच बाही बेतली.

पुढच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, दुसरीकडे अर्ज करत होती, तिला जुन्या नोकरीचा अनुभवाचा दाखला हवा होता. घरच्या कॉम्प्युटरवर प्रत होती, संध्याकाळी पाचची मुदत होती. "बाबा, नुसता पाठवा, नाव 'दाखला' आहे," ती म्हणाली. आता असं नाव उरलंच नव्हतं. भाऊजींनी वही उघडली. अठराव्या पानावर लिहिलं होतं, पाहा क्रमांक ३१२. तीनशे बाराला लिहिलं होतं, क्रमांक ८७ मध्ये समाविष्ट. सत्त्याऐंशीवर भाचीच्या पाचवीच्या सहलीचा फोटो होता. भाऊजी शोधत राहिले, मधूनमधून फोनवर सांगत राहिले की कागद हरवलेला नाही, फक्त जागेवर नाही. तीन वाजता भाचीनं जुन्या दवाखान्याला फोन लावला. त्यांनी दहा मिनिटांत नवीन दाखला करून पाठवला. हे ऐकल्यावर भाऊजी म्हणाले, एवढ्या घाईनं देतात म्हणजे त्यांच्याकडे काही पद्धत दिसत नाही.

ताई अजून गप्पच होती. मी तिला दोनदा बोलले, तर म्हणाली, बसलेत ना एका जागी, बसू दे. तिला हौस नव्हती त्या वहीची. पण साडेदहाला दाराकडे बघणारं ते तोंड तिला पुन्हा बघायचं नव्हतं. एवढी वर्षं संसार केल्यावर बाई कुणाकुणाची दया करत बसते, कळत नाही.

मग व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई आल्या. त्या ताईच्या जुन्या गिऱ्हाईक. तीस वर्षं वाद्य खांद्यावर धरून त्यांचा डावा खांदा पाऊण इंच वर चढलाय. बाजारातला कुठलाही कोट त्यांच्या अंगावर दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा दिसतो. सहा वर्षांपूर्वी ताईनं त्यांना पहिला कोट शिवला तेव्हा तीनदा उसवून चौथ्यांदा बसला होता. तेव्हापासून ते कटिंग, सगळ्या दुरुस्त्यांसकट, कॉम्प्युटरवर 'चढता खांदा' म्हणून होतं. आता त्यांचा अठरा दिवसांनी कार्यक्रम होता आणि नवा काळा कोट हवा होता. ताई म्हणाली, बसा, माप आहे माझ्याकडे.

ती पुढच्या खोलीत गेली. सोबत चिठ्ठीही नेली, तारीख, विषय, कारण सगळं लिहून. भाऊजी खूश झाले. त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली, बोट वरून खाली नेलं आणि एका ओळीवर थांबवलं.

"शिवणकाम, किरकोळ," त्यांनी वाचलं. "एक वर्षापेक्षा जुने. ड वर्ग. नष्ट."

ताईला आधी कळलंच नाही. तिनं विचारलं, नष्ट म्हणजे कुठं ठेवलंय. भाऊजींनी समजावून सांगितलं की नष्ट म्हणजे नष्ट. टोपलीत टाकून टोपलीही रिकामी केली, नाहीतर जागा मोकळी होत नाही. आणि सगळं रीतसर झालंय, नाशन समितीच्या मान्यतेनं. समितीच्या तीन सह्या वहीत होत्या. अध्यक्ष, सदस्य आणि साक्षीदार. तिन्ही भाऊजींच्या, तीन वेगळ्या शाईंत.

"किती कटिंगं होती?" ताईनं विचारलं.

"अकराशे साठ," भाऊजी म्हणाले, आणि मला खोटं बोलायचं नाही, त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

ताईनं वही मागितली. भाऊजींनी ती दिली, कारण वही मागितल्यावर दाखवावी असं नियमावलीतच होतं. ताई मागच्या खोलीत आली, बाईंना म्हणाली जरा थांबा, आणि मशिनीच्या स्टुलावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली. मी सुई हातात धरून बसले.

अ वर्गातली पहिली नोंद अशी होती: 'मा. साहेब यांजकडून प्राप्त सुप्रभात चित्रे, नग चार हजार दोनशे सहा. कायम. तीन प्रती.'

हे साहेब म्हणजे भाऊजींच्या कचेरीतले मोठे अधिकारी. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून रोज सगळ्यांच्या फोनवर सकाळी एक फूल आणि संध्याकाळी एक सूर्यास्त पाठवतात. मधूनच पोपट. खाली एक ओळ उपदेश. भाऊजींनी ते एकूण एक फोनवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतले होते. ब वर्गात त्यांच्या स्वतःच्या निरोपसमारंभाचे तीनशे चाळीस फोटो होते, आणि फ्रिजचं माहितीपत्रक होतं, जो फ्रिज ताईनं केव्हाच विकून टाकला होता. क वर्गात आईवडील. आमचे, त्यांचे नव्हेत. त्यांचे अ मध्ये होते. पुढे एका ओळीत 'पत्नीची बहीण, छायाचित्रे, ड' असंही होतं. म्हणजे मीसुद्धा गेले होते, तीन सह्यांनी.

ताई वही घेऊन पुढच्या खोलीत गेली. मी दारात उभी राहिले.

"साहेबांची फुलं कायम," ती म्हणाली. "आणि माझं काम किरकोळ."

"नियमात जे बसतं ते केलं मी."

"नियम कुणी केले?"

भाऊजींनी चष्मा काढला. माणूस लबाड नाही, एवढं म्हणायला हवं. ते म्हणाले, "मीच."

ताईनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं भाऊजी मला नंतर म्हणाले. तिनं दुरुस्तीवालीला फोन केला.

दुरुस्तीवाली दुपारी आली. तिनं सांगितलं की पुसलेलं लगेच जात नाही. कॉम्प्युटर नुसती ती जागा मोकळी समजतो, आणि तिथं नवीन काही येऊन बसलं की मग जुनं खरंच जातं. म्हणून तिनं विचारलं, पुसल्यावर काही नवीन ठेवलंय का त्यात?

भाऊजी खिडकीबाहेर बघत होते.

"फुलं," ताई म्हणाली. "तीन-तीन प्रती."

दुरुस्तीवालीनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वायरी काढायला लागली. ती कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेली, दोन दिवसांनी परत आणला. अकराशे साठातले तीनशे नव्वद हाती लागले होते. त्यातलेही काही धड नव्हते. फोटो उघडला की वर ताईच्या अक्षरातली मापं आणि अर्ध्याच्या खाली भलतंच काहीतरी. 'चढता खांदा' सापडला. वर तारीख होती, छाती होती, कंबर होती, आणि जिथं खांद्याची आकृती हवी तिथं एक टपोरा गुलाब होता आणि 'संयम हेच यश' असं लिहिलं होतं.

तो फोटो ताईनं भाऊजींना दाखवला नाही. मी दाखवला.

व्हायोलिनच्या बाईंना तीनदा यावं लागलं. ताईनं पुन्हा टाचण्या लावल्या, पुन्हा उसवलं, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी कोट बसला. मग बाकीच्यांना एकेक करून फोन करणं आलं. नव्यानं माप द्यायला या म्हणून सांगायचं, आणि कारण विचारलं की कॉम्प्युटर बिघडला म्हणायचं. नवऱ्यानं पुसलं असं ताईनं कुणालाच सांगितलं नाही. मी जमेल तितक्यांना सांगितलं. काहीजणी आल्या, काही दुसऱ्या शिंपिणीकडे गेल्या. बुटकी डॉक्टरीण आली तर तिची कंबर अडीच इंचांनी वाढलेली निघाली, जुनं माप असतं तरी कामाचं नव्हतं. हे भाऊजींच्या कानावर गेलं. इतके दिवस जमिनीकडे बघून जेवणारा माणूस, त्या रात्रीच्या जेवणाला मान वर करून म्हणाला, "म्हणजे ड वर्ग तसा चुकीचा नव्हता."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही ताईचाच जळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं कॉम्प्युटर उचलून मागच्या खोलीत, कात्र्यांच्या भिंतीखाली आणला. दुरुस्तीवाली आली आणि दोघींनी बसून तो आवरला. सत्तेचाळीस 'नवीन फोल्डर' गेले. सूर्यास्त गेले. मापांना त्यांची जुनी नावं परत मिळाली, आणि सगळ्याची एक प्रत बाहेर, ताईच्या कपाटात. पडद्यावर भाचीचा चेहरा दिसायला लागला. पुढचे दोन दात पडलेले होते, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. सगळं मिळून पावणेदोन तास लागले. सूर्यास्त जायच्या आधी भाऊजी दाराशी येऊन उभे राहिले आणि निदान साहेबांची एक प्रत तरी, एवढंच म्हणाले. ताईनं ती सगळी फुलं बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राइव्हवर भरून त्यांच्या हातात ठेवली.

भाऊजींनी पेनड्राइव्ह पाकिटात घातला, पाकिटावर क्रमांक लिहिला आणि इस्त्रीचा शर्ट घालून साहेबांच्या घरी गेले. तिथं काय झालं ते त्यांनीच सांगितलं, आणि आनंदानं सांगितलं, म्हणून मी विश्वास ठेवते. साहेबांनी आधी त्यांना आस्थापनेतला दुसराच कारकून समजून त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. भाऊजींनी गुडघा बरा आहे म्हणून सांगितलं. मग चार हजार दोनशे सहा चित्रांचा विषय निघाला. साहेबांना काही उमगेना. ती चित्रं त्यांना त्यांच्या व्याह्यांकडून येतात, ते दात घासता घासता न बघताच पुढे ढकलतात, दोनशे माणसांची यादी आहे, त्यात भाऊजी आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. पण एवढी सगळी कुणी क्रमांक घालून ठेवली, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. ते म्हणाले, माझ्याही कॉम्प्युटरवर गेल्या वीस वर्षांचा पसारा आहे, सावकाश चालतो, तुमच्याकडे पद्धत दिसते, बघा जरा.

भाऊजी घरी आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. वाटेत नवी नोंदवही घेऊनच आले होते. दुसऱ्या दिवसापासून साडेदहाला ते घराबाहेर पडायला लागले, डबा घेऊन.

आठवड्याभरानं साहेबांच्या पत्नीचा फोन आला. ताई एका बाईच्या कॉलरला टाचण्या लावत होती, तिनं तोंडातल्या टाचण्या काढून फोन घेतला. त्या बाई फार हळू बोलत होत्या, बहुतेक शेजारच्या खोलीत भाऊजी असावेत. त्यांना एवढंच विचारायचं होतं की हे काम साधारण किती दिवस चालतं, आणि नातवाचे फोटो हवे असतील तर चिठ्ठीत कारण काय लिहायचं.

ताईनं हातातल्या टाचण्या टेबलावर ठेवल्या. मग तिनं विचारलं, "फोटोंची दुसरी प्रत आहे का तुमच्याकडे?"

नव्हती.

"मग आजच करून घ्या," ताई म्हणाली, आणि दुरुस्तीवालीचा नंबर सांगितला. दोनदा सांगितला, सावकाश, लिहून घेता येईल असा.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, भाऊजींना घरी बोलवायचं का? ताई म्हणाली, आत्ता कशाला, क्लास एकपर्यंत आहे. आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरून ती त्या कॉलरकडे वळली.